सहा विती आणि दोन सप्तमांश

माझ्या हातून घडलेल्या मूर्खपणांची यादी करायला बसले तर पुस्तक त्यातच संपेल, म्हणून त्यातला सगळ्यात मोठा तेवढा सांगते. वडिलांनी माझ्या हातात एक गाठ मारलेली सुतळी दिली होती. मी त्या सुतळीवर विश्वास न ठेवता बावीस सप्तमांशावर ठेवला. तेव्हा मी सातवीत होते, वर्गात गणितात पहिली होते, आणि जगात जे काही गोल आहे ते सगळं आपल्याला विचारून गोल झालंय अशा थाटात वागत होते. ती पोरगी आज समोर आली तर मी तिला दोन धपाटे घालीन आणि मग जेवायला वाढीन, कारण हडकुळी होती बिचारी.

आमचे आबा रहिमतपूर ते सातारा सर्व्हिस मोटार चालवायचे. मोटार मालकाची, साताऱ्यात राहणाऱ्या. आबा नुसते ड्रायव्हर. पण गावात तिला 'आबाची मोटार' असंच म्हणत आणि मालकाला ते ठाऊक नव्हतं. आबा आधीच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन लष्कराची लारी हाकून आले होते. तिथून परतल्यावर त्यांनी वाटणीची जमीन थोरल्या भावाला कसायला दिली आणि म्हणाले, मला ढेकळांत चालवत न्हाई. चुलते ते कधी विसरले नाहीत. भेटले की विचारायचे, "काय डायवर, मोटार हाय का गेली?" आता दुसरी लढाई लागली होती, पेट्रोल मिळेनासं झालं होतं, आणि मालकानं मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. अंघोळीच्या बंबाला चाकं लावावीत तशी ती दिसे. सकाळी आबा तिच्यात कोळसे घालत, पंख्याचा दांडा फिरवत, आणि घर्र घर्र आवाज आमच्या घरापर्यंत येई. तो आवाज थांबून मोटार धडधडायला लागली की आई चुलीपुढून म्हणे, "पेटली एकदाची." मग तिचा पहिला तवा पडे. आमच्या घरातली भाकरी मोटारीवर चालायची म्हणाना.

त्या भट्टीनं आबांचे तळहात खाल्ले. दारं तापलेली, फडकं धरायला वेळ नाही, वर उतारू ओरडतायत, मग हातानंच उघडझाप. फोड आले, फुटले, पुन्हा आले. आणि त्याच हातांनी धरायचं काय, तर इस्टेरिंग. आई त्याला मोटारीचं कडं म्हणायची. त्या कड्यावर कधीकाळी जाड चामड्याची गवसणी होती, ती झिजून झिजून आधी काळी, मग कागदासारखी आणि मग नाहीशी झाली होती. खालचा काळा लेप तडकून पडला होता आणि आतलं लोखंड उघडं पडलं होतं. थंडीत ते चावायचं, उन्हात भाजायचं. आबा त्यावर धोतराचं फडकं गुंडाळत, पण ते वळणावर घसरे, आणि घसरणारं फडकं जखमेवर कसं लागतं ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलंय. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याशी बसत. आई कोमट पाण्यात मीठ घालून पितळी पुढे ठेवी, मग हळद आणि तेल. जेवताना त्यांना भाकरी मोडता येत नसे. आई त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून त्यावर हुलग्याचं माडगं ओते आणि दुसरीकडे बघत बसे. मोठ्या माणसाला कुस्करून वाढताना तिला कसंतरी होत असावं. एकदा म्हणाली, "आवं, सोडा की आता मोटार. भावजी काय उपाशी ठेवत्यात का?" आबा म्हणाले, "त्येच्या औताच्या मागनं चालू व्हय? त्यापरीस हात गेलं तर गेलं." एवढं बोलून पुन्हा माडगं प्याले. ते फार बोलत नसत. दमलेली माणसं बोलत नाहीत, हे मला पुढे स्वतः दमल्यावर कळलं.

मालकाचा मेव्हणा साताऱ्यात मोटार शिकला होता आणि रिकामा होता. आबांनी हात बरे नाहीत म्हणून दोन दिवस खाडा केला, की तो दोन दिवस मोटार चालवी. मालकानं आबांना बोलावून सांगितलं होतं, पुन्हा खाडा झाला तर मोटार त्याच्याकडेच राहील. म्हणजे आबांना घरी बसायची सोय नव्हती आणि चाकावर बसायला हात नव्हते. त्यातून एकच वाट होती, त्या कड्याला नवी गवसणी. पण चांगलं कातडं सगळं लष्कराच्या बुटांना चाललेलं. आमच्या गावात वहाण शिवून मिळेना. आईनं ही अडचण सांगलीच्या मावशीला कळवली होती, तेवढ्यात तिचं पत्र आलं. तिला मुलगा झाला होता, बारशाला या, आणि तिच्या आळीमागे रुद्राप्पा म्हणून एक म्हातारा घोड्यांचे लगाम नि खोगिरं शिवतो, त्याच्याकडे एक तुकडा ठेवलेला आहे, माप घेऊन या.

माप न्यायचं, कारण इस्टेरिंग नेता येत नव्हतं. रोज चालणाऱ्या मोटारीचं ते काढून सांगलीला कोण पाठवील? आबांनी दुपारी मोटार झाडाखाली उभी असताना मला बरोबर नेलं. आधी कड्यावर आडवा पंजा टाकला, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. ताणताना दुखलं असणार. "आडवं दोन इती हाय बघ," असं सहज बोलले. मग सुतळी घेतली, कड्याभोवती काळजीनं फिरवली, जिथं टोक टोकाला भिडलं तिथं गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "ही रुद्राप्पाला दे. बोलू नगंस काय, नुसती दे." कड्याच्या जाडीसाठी मी कागदाची पट्टी गुंडाळून घेतली आणि वहीत ठेवली. तेवढी अक्कल होती. पण त्याच वहीत मी आणखी एक उद्योग केला. व्यास दोन विती. परिघ म्हणजे व्यास गुणिले बावीस भागिले सात. सहा विती आणि दोन सप्तमांश. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. आता मला सांगा, असं उत्तर खिशात असताना कुठली पहिली आलेली मुलगी सुतळीचा मान ठेवील?

आगगाडीत आईच्या मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचं मडकं होतं, मावशीसाठी. किर्लोस्करवाडीच्या अलीकडे त्याच्या तोंडाचं फडकं सुटलं. आई म्हणाली, "इंदे, काय बांधायला हाय का बघ." मी सुतळी काढून दिली. मीच बांधली, घट्ट. मनात म्हटलं, माप तर वहीत आहे. मिरजेला गाडी बदलली, सांगलीला उतरलो, मावशीच्या सासूनं मडकं घेतलं, विळीवर सुतळी कापली आणि चुलीत टाकली. मी बघत होते. थोडीशी रुखरुख वाटली, पण समोर बाळाचं कौतुक चाललं होतं, ताटात चुरमुऱ्यांचा चिवडा आला होता, आणि असली रुखरुख चिवड्यानं बसते असा त्या वयात माझा अनुभव होता. अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी आई बाळंतिणीच्या खोलीत अडकलेली, म्हणून मी एकटीच रुद्राप्पाकडे गेले. ओट्यावर पाय दुमडून बसलेला, बोकडाएवढा लहान म्हातारा. पुढ्यात दगड, रापी, आरी आणि मेणाचा गोळा. जुन्या कातड्याचा आणि तेलाचा वास. त्यानं भिंतीवरून तुकडा काढला, अंगठ्यानं दाबून दाखवला. जाड, पिवळसर, लवचिक. "ह्यो शेवटचा हाय यव्वा. लढाई संपपतोर दुसरा न्हाई मिळायचा. आन माप." मी वही उघडली आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं, "सहा विती आणि दोन सप्तमांश."

"सप्तमांश म्हंजी?"

"वितीचे सात भाग करायचे आणि त्यातले दोन घ्यायचे."

"म्हंजी तीन-साडेतीन बोटं." त्यानं आरी खाली ठेवली. "आन सुतळी न्हाई दिली बाबानं? गोल वस्तूला सुतळीच देत्यात."

चुलीत गेली म्हणून सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम. मी म्हटलं, "नाही. वीतच सांगितली."

त्यानं आपला हात पसरला. आयुष्यभर मेणाचा दोरा ओढून त्याची बोटं वाकली होती, करंगळी तर आत वळून पडलेली, सरळ होतच नव्हती. त्या हाताकडे त्यानंच एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे. "इत कुणाची? बाबाचा हात केवढा हाय तुझ्या?"

मला दिसत होतं. हे मी कबूल करते, नाहीतर हे प्रकरण लिहिण्यात काही अर्थ नाही. आबांचा पंजा म्हणजे सूप. त्यात या म्हाताऱ्याचे दोन हात बसले असते. पण खरं सांगितलं असतं तर त्यानं म्हटलं असतं, मग जा, सुतळी घेऊन ये. मग आई, मग चटणी, मग सगळंच बाहेर. मी म्हटलं, "तुमच्याएवढाच."

"बघ हां. कातडं एकदा कापलं की कापलं."

"हो."

त्यानं तुकड्यावर सहा वेळा हात टेकवला, वर साडेतीन बोटं धरली, रापीनं रेघ मारली आणि कापलं. उरलेला भाग लगेच समोर बसलेल्या टांगेवाल्यानं लगामासाठी उचलला; तो सकाळपासून त्यासाठीच बसला होता. दोन दिवसांनी गवसणी तयार झाली. दोन्ही काठांना आरीनं पाडलेली भोकं, एकसारखी, मुंगीच्या रांगेसारखी. गुंडाळून घेण्यासाठी मेण लावलेला दोरा वेगळा. "पाण्यात भिजवून चढवायला सांग. वाळंल तसं आवळंल." असं त्यानं मला दोनदा सांगितलं. हे मात्र मी नीट लक्षात ठेवलं.

माझ्या नातवानं परवा गाडीच्या इस्टेरिंगला कव्हर आणलं. पिशवीतून काढलं, ओढलं, बसलं. एवढंच. मला म्हणाला, "आजी, असं काय बघतेस?" मी म्हटलं, बसलं ना, झालं. या वयात माणूस सगळं सांगत बसला तर चहा गार होतो.

आबांनी गवसणी बादलीत भिजवली, मोटारीत बसले आणि कड्यावर घालायला सुरुवात केली. दोरा ओवायला मी आणि आई. डावीकडून सुरुवात, वरून फिरून उजवीकडे. जाडीला अगदी चपखल बसत होती. आबांनी अर्ध्यात थांबून तळहात टेकवला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली. "लई मऊ हाय गं," असं आईला म्हणाले. मग खालच्या बाजूला आलो आणि कातडं संपलं. कडं शिल्लक होतं. आबांनी ओढून पाहिलं, ओलं होतं तेवढं ताणलं, बोटभर पुढे आलं. तरी त्यांची एक अख्खी वीत लोखंड उघडं राहिलं. कोळशाच्या भट्टीत काहीतरी टिकटिक वाजत होतं. आई माझ्याकडे वळली. "सुतळी दिलीस न्हवं गं?" आणि मग तिचं तिलाच आठवलं असावं, मडकं, फडकं, गाठ, कारण तिनं तोंडाला पदर लावला. मी वही पुढे केली. खरंच केली. रेघा मारलेलं उत्तर दाखवलं. गणित बरोबर आहे हे वडिलांना कळावं, एवढीच त्या क्षणी माझी इच्छा होती. पहिल्या नंबराचं माणूस हे.

दुसरं कातडं मिळणार नव्हतं. आबांनी जुन्या वहाणेचा तुकडा लावून पाहिला, पण जोडाची धार नेमकी जखमेत रुते, म्हणून काढून टाकला. फडकं पुन्हा घसरलं. शेवटी त्यांनी उघडा भाग खालच्या बाजूला ठेवला आणि तशीच मोटार काढली. सरळ रस्त्याला काही वाटत नसे. दोन्ही हात कातड्यावर. पण वळण आलं की कडं फिरायचं आणि उघडं लोखंड वर यायचं. तेव्हा आबा त्या बाजूचा हात अलगद उचलत, लोखंड खालून जाऊ देत, आणि कातडं आलं की पुन्हा टेकवत. दुसरा हात पक्का. चार दिवसांत त्यांना त्याची अशी सवय झाली की हार्मोनियम वाजवतायत असं वाटे. जखमा सुकायला लागल्या. एका रात्री त्यांनी ताटातली भाकरी स्वतः मोडली. आईनं पाहिलं आणि झुणका वाढला. मला वाटलं, निभावलं.

पुढे माझी सगळी वर्षं निभावण्यात गेली, पण त्या वर्षी मला अजून तोंड बंद ठेवायला शिकायचं होतं. सुट्टीच्या दिवशी मी आबांबरोबर साताऱ्याला निघाले. आबांच्या डाव्या हाताला मी आणि माझ्या पलीकडे काळी टोपी घातलेले एक गृहस्थ. प्रत्येक वळणाला मी कड्याकडे बघून मनात मोजत होते, आलं, गेलं; आलं, गेलं. मनात म्हणजे माझ्या मते मनात. ओढ्याच्या उतारावर त्या गृहस्थांनी विचारलं, "काय मोजतेस, बाळ?" शुद्ध बोलणारं माणूस, मला बाळ म्हणणारं. मी खूश. मी त्यांना सगळं सांगितलं. उघडं लोखंड कुठे आहे, ते कधी वर येतं, आबा हात कसा उचलतात, आणि असं दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला जमणार नाही. भट्टीच्या आवाजात आबांना ऐकू गेलं नाही. ते गृहस्थ पुढची सगळी वळणं आबांच्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी पुढची दांडी धरून ठेवली. मला वाटलं, वडिलांचं कौतुक चाललंय.

दुसऱ्या दिवशी आबा दुपारीच घरी आले. चालत. भट्टीचा आवाज नाही, धडधड नाही, त्यामुळे आईला कळलंच नाही, ती मागे शेणानं सारवत होती. मालकानं साताऱ्यात त्यांना तक्रार वाचून दाखवली होती. ड्रायव्हर वळणावर हात सोडतो, ही गोष्ट त्याच्या मुलीनंच अभिमानानं सांगितली, असं त्या तक्रारीत लिहिलं होतं. हे आम्हाला पुढे मोटारीच्या क्लीनरकडून कळलं. आबांनी त्यातल्या मुलीबद्दल घरात अक्षरही काढलं नाही. आईला एवढंच म्हणाले, "मेव्हण्याला दिली मोटार." मग उंबऱ्यावर बसले. पितळी मागितली नाही.

पुढच्या सोमवारपासून ते चुलत्यांच्या उसात जायला लागले. चुलत्यांनी एकदाही 'काय डायवर' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत आबांचे तळहात भरून आले, वर नवी कातडी आली, गुलाबी. आईला जे हवं होतं ते झालं होतं आणि घरात कुणाच्याच तोंडावर ते दिसत नव्हतं. सकाळी स्टेशनाकडून घर्र घर्र आवाज यायचा. आता पंख्याचा दांडा दुसरं कुणी फिरवत होतं, मध्येच सोडत होतं, पुन्हा फिरवत होतं. आबा अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत. आई तवा त्या आवाजाच्या आधीच टाकून मोकळी होई.

मी वाट बघत होते. आज बोलतील, उद्या बोलतील. एक थोबाडीत मिळाली असती तर मी त्या रात्री नीट झोपले असते. शेवटी सातवीची परीक्षा आठवड्यावर आली, साताऱ्याला जाऊन द्यायची होती, आणि मी भाकरी घेऊन उसाकडे गेले. आबा पाचट बांधत होते. मी धडक्यात बोलून टाकलं. सुतळी चटणीला बांधली ते, रुद्राप्पाचा हात लहान दिसत होता ते, काळ्या टोपीच्या माणसाला सगळं सांगितलं ते. आणि म्हटलं, "आबा, तुमची मोटार माझ्यामुळं गेली."

त्यांनी भारा गुडघ्यानं दाबला, पाचटाचाच पीळ करून आवळला, गाठ ओढून पाहिली. भाकरीचं फडकं माझ्याकडून घेतलं, सोडलं, बघितलं काय आहे ते. मग बांधावर बसले आणि म्हणाले,

"परीक्षेला त्या मोटारीनं जाऊ नगंस. कोरेगावापतोर आगगाडीनं जा, म्होरं टांगा बघ. त्या मेव्हण्याला अजून वळणावर हात उचलाय येत न्हाई."